जेली हलते, आम्ही हलत नाही

आम्हा शाकाहाऱ्यांना मांस ओळखणं सोपं असतं. ते ताटात समोर येतं, आपण 'नको' म्हणतो, विषय संपतो. जिलेटिन, म्हणजे खाऊला जेलीसारखं घट्ट करणारा प्राणिज पदार्थ, असं सरळ समोर येत नाही. ते अस्वलाच्या आकाराच्या लालचुटूक गोळ्यांतून येतं, मार्शमॅलोतून येतं, कधी घट्ट दह्याच्या डबीतूनही येतं. डुकराची किंवा गुरांची कातडी आणि हाडं, त्यांतल्या कोलॅजन नावाच्या प्रथिनापासून हे काढतात. शुद्ध झालं की ना रंग, ना वास, ना चव. चोराला याहून चांगले गुण ते कोणते हवेत?

म्हणून आमच्याकडे खाऊ आला की आधी वाचन, मग खाणं. पाकिटावर स्ट्रॉबेरी तळहाताएवढी. घटकांची यादी मात्र अगदी बारीक, तीही नेमकी पाकीट चिकटवलंय त्या चुणीत. मी चष्मा कपाळावर चढवून पाकीट नाकाला लावतो. भाचा हात पसरून उभा.

"मामा, झालं का?"

"थांब रे. ग्लुकोज सिरप झालं, सायट्रिक आम्ल झालं..."

"पेक्टिन आलं की दे."

या पोराला आठाचा पाढा येत नाही. पण पाकिटावरच्या आकड्यांत ४४० म्हणजे पेक्टिन, ४०६ म्हणजे अगर आणि ४०७ म्हणजे कॅरागीनन, ही जिलेटिनची शाकाहारी भावंडं, हे झोपेतून उठवलं तरी सांगेल.

आत्याचं प्रकरण वेगळं. कॅप्सूलचं कवच बहुतेकदा जिलेटिनचं असतं, हे तिला कुठूनसं कळलं. तिने कॅप्सूल उघडली, आतली पूड चमच्यात ओतली आणि जिभेवर टाकली. औषध कवचात का घालतात, हे तिच्या चेहऱ्यावर पुढची दहा मिनिटं स्पष्ट वाचता येत होतं. डॉक्टर रागावले. काही औषधं पोटातल्या आम्लातून सुखरूप पुढे जावीत म्हणून बंद ठेवलेली असतात, ती अशी फोडायची नसतात. मग त्यांनी तेच औषध सेल्युलोजपासून केलेल्या कवचात शोधून दिलं.

"सेल्युलोज म्हणजे?" आत्या.

"लाकडाच्या लगद्यातून काढतात."

आत्याने क्षणभर विचार केला. "चालेल. लाकूड शाकाहारीच असतं."

घरी जेली करायची तर आमचा आधार चायना ग्रास, म्हणजे अगर. लाल सागरी शैवालातून निघतं. याच्या कीर्तीचा इतिहास मोठा गमतीचा आहे. जंतुशास्त्रज्ञ रॉबर्ट कोख यांच्या प्रयोगशाळेत वॉल्टर हेसे जिलेटिनवर जंतू वाढवत. उन्हाळ्यात जिलेटिन वितळायचं, आणि काही जंतू तर ते फस्तच करायचे. हेसे यांच्या पत्नी फॅनी घरी जेलीत अगर घालत. त्यांनी १८८१ साली तेच सुचवलं. प्रयोगशाळांतून आजही अगर वापरतात. थोडक्यात, आमच्या पंथातले सर्वांत निष्ठावान सभासद जंतू आहेत.

माणसांचं तसं नाही. माणसाला जेली तोंडात विरघळायला हवी. जिलेटिन ३५ अंशांच्या आसपास वितळतं आणि जिभेची ऊब त्याहून थोडी जास्त, त्यामुळे ते आपोआप पाघळतं. अगर एकदा बसलं की ८५ अंशांपर्यंत दाद देत नाही. एवढं तापमान कोणाच्या तोंडात असतं? (आत्या रागावली की शंका येते.) पेक्टिन बऱ्याचदा साखर आणि आंबट भरपूर मागतं, कॅरागीनन दुधात छान मऊ बसतं. थरथरणं आणि विरघळणं दोन्ही एकदम हवं असेल तर मात्र तिघांचीही मनधरणी करत बसावं लागतं.

आमचा विजय झाला तो अननसामुळे. एका जेवणाला शेजारच्या काकूंनी जिलेटिनची जेली केली, आम्ही अगरची. दोन्हींत ताजा अननस. ताज्या अननसातलं ब्रोमेलेन प्रथिनं तोडतं आणि जिलेटिन हे प्रथिनच. अगर पडलं कर्बोदक, त्याच्या केसालाही धक्का लागला नाही. काकूंचं भांडं रात्रभर फ्रिजमध्ये राहूनही पातळच. आमची जेली साच्यातून निघाली ती ताठ उभी. मी सगळ्यांना ब्रोमेलेन समजावून सांगत होतो, तोवर काकूंनी त्यांची जेली पेल्यांतून ओतली, वर बर्फ घातला आणि लोकांनी ती मागून मागून संपवली. आमच्या जेलीभोवतीही गर्दी होती, पण ती चमच्याने टोचून बघणाऱ्यांची. एक तुकडा तर निसटून थेट काकांच्या मांडीवर गेला आणि तिथेही अखंड राहिला.

आत्याने मात्र दोनदा मागून घेतली. तिची कवळी नवीन आहे.