बैठकीआधीच्या भेटी राहून गेल्या

‘सगळ्यांना एका खोलीत बसवा, मध्ये एक तटस्थ माणूस ठेवा आणि मोकळेपणाने बोलू द्या’ हा कामाच्या ठिकाणचे वाद मिटवण्यावरच्या एका लेखातला सल्ला मला अर्धवट वाटला. आमच्याकडे दोन पाळ्यांत वाद होता, काम अर्धवट सोडून कोण जातं यावरून. पहिल्या बैठकीत साहेबच आधी बोलले. मग काय, सगळे माना खाली घालून बसले आणि वाद बाहेर जिन्यात पुन्हा पेटला.

दुसऱ्या वेळी आलेल्या मध्यस्थ बाईंनी आधी प्रत्येकाला एकेकटं भेटून ऐकून घेतलं. बैठकीत साहेबांना सगळ्यांत शेवटी बोलायला लावलं. शिवाय एक नियम: उत्तर देण्याआधी समोरच्याचं म्हणणं आपल्या शब्दांत सांगायचं, तो ‘हो, हेच’ म्हणेपर्यंत. माझी सहकारी तीनदा ‘नाही, असं नाही’ म्हणाली. चौथ्यांदा कुठे माझ्या डोक्यात शिरलं की पाळी बदलताना मी तिच्याशी एक शब्दही न बोलता निघून जायचो, ते तिला लागत होतं. आणि हो, छळाची तक्रार असेल तर अशी बैठक मुळीच घेऊ नये. ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याच्यासमोरच तक्रारदाराला बोलायला लावणं क्रूरपणा आहे. लेखात हे यायलाच हवं होतं.