बाई, हा द नाही, र आहे

आज डोकं तापलंय, त्यामुळे लांबलचक लिहिणार आहे. वाचा.

सकाळी एक साहेब शाळेला भेट द्यायला आले. तिसरीचा वर्ग. फळ्यावर राज्यगीताच्या ओळी, खाली फरशीवर शब्दपट्ट्या पसरलेल्या, पोरं पालथी पडून गात गात पट्ट्या लावतायत. साहेब दारातूनच म्हणाले, "बाई, परिपाठ संपला ना? मग आता गाणी कसली? वाचन घ्या." शेरेबुकातही तसंच लिहून गेले.

अहो, वाचनच चाललं होतं!

गेल्या वर्षी माझ्या वर्गात एक मुलगा होता. आईबाप ऊसतोडीला जाणारे. दिवाळी झाली की हाही त्यांच्यासोबत गाडीत. पुस्तक उघडलं की याची मान खाली. मुळाक्षरं यायची, काना-मात्रेला अडखळायचा, जोडाक्षर दिसलं की गप्प. पण २०२३ मध्ये 'जय जय महाराष्ट्र माझा' राज्यगीत झाल्यापासून परिपाठात खड्या आवाजात ते म्हणणारा हाच. एक दिवस मी ते जुन्या कॅलेंडरच्या पाठीमागे ठसठशीत अक्षरात लिहिलं आणि त्याला म्हटलं, "म्हण, पण बोट शब्दाखाली ठेवून. तोंड पुढं पळायला नको."

धृपद झालं. पुढची ओळ सुरू केली, "देवा वरदा..." आणि थांबला. बोट मागे नेलं. ओठ हलवले. मग माझ्याकडे बघून म्हणाला, "बाई, हा द नाही, र आहे."

इतके दिवस तो 'देवा' म्हणत होता. शब्द आहे 'रेवा', म्हणजे आपली नर्मदा. मी एक शब्द बोलले नव्हते. त्याचं त्यालाच दिसलं. हे लिहितानाही घसा दाटतोय.

पाठ झालेलं गाणं म्हणून दाखवणं म्हणजे वाचन नव्हे, असं साहेब म्हणतील, तर ते मान्य. म्हणून तर पट्ट्या कापायच्या! ओळी उलटसुलट करायच्या, मधला एखादा शब्द काढून घ्यायचा, 'घागरी'च्या जागी 'भाकरी' ठेवून द्यायची. जो नुसतं पाठ म्हणतो तो पुढं निघून जातो, जो वाचतो तो ओरडतो. आणि फार जलद चालीचं गाणं नाही चालत, बोट मागे राहतं, तेही खरं.

पण या एका गाण्यात काय काय आहे ते बघा. 'रेवा'मध्ये सरळ उभा र. 'गर्जा'मध्ये डोक्यावरचा रफार. 'भद्रा'मध्ये द च्या पोटातला र. 'महाराष्ट्र'मध्ये ट च्या पायाशी बसलेला र. उजळणीच्या पुस्तकात यातल्या एकेका र ला आठवडा जातो आणि मुलं कंटाळतात. इथे तीच ओळ दहा वेळा म्हटली तरी अकराव्यांदा म्हणायला तयार. शब्द आधीच ओठावर असतो, चुकण्याची धास्ती नसते, म्हणून डोळे निवांत अक्षरावर टेकतात. त्या पोराला पुस्तकाची धास्तीच तर होती.

हे काही माझ्या डोक्यातून निघालेलं खूळ नाही. अहमदाबादच्या आयआयएममधल्या ब्रिज कोठारींनी १९९६ मध्येच टीव्हीवरच्या गाण्यांखाली त्याच भाषेत ओळी दाखवायची कल्पना मांडली. पुढे दूरदर्शनवर चित्रहारमध्ये त्या दिसायच्या, शब्द गायला जाईल तसा रंग बदलायचा. घरबसल्या वाचनाचा सराव. टीव्हीवर चालतं, मग माझ्या वर्गात का नाही?

राग साहेबांचा नाही खरं तर. त्यांनाही वरून कोणीतरी विचारत असणार. राग याचा येतो की त्या पोराला वर्षातले शाळेचे महिने मिळतात किती, आणि त्यातही आम्ही त्याला तोंड मिटून बसवायचं? त्याच्या हातात जे आधीच आहे ते काढून घ्यायचं?

गाडीत बसायच्या आदल्या दिवशी तो कॅलेंडरचा कागद मागायला आला होता. मी दिला. घडी घालून शर्टाच्या आत ठेवला त्याने. कोपीवर, म्हणजे ऊसतोडीच्या तळावरच्या झोपडीत, गेल्यावर धाकट्या बहिणीला बोट ठेवून म्हणायला शिकवणार होता.

बरं, एक काम आहे सगळ्यांकडे. दुकानांची मोठी भिंतीवरची कॅलेंडरं, पाठीमागून कोरी असलेली, घरात पडून असतील तर रद्दीत देऊ नका, माझ्याकडे पाठवा. उद्या तिसरीला नवीन गाणं लिहायचंय आणि माझ्याकडे दोनच कागद उरलेत.