एक चाकू आणि अख्खं जंगल? त्या फिरत्या मेसेजला उत्तर

गेल्या हिवाळ्यापासून नागपुरातल्या भटक्यांच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. मला तो चौघांनी पाठवला. त्यातले एक आमचे मेहुणे, ज्यांनी शहरातल्या फुटाळा तलावापलीकडचं जंगल अजून पाहिलेलं नाही. मेसेजचा मजकूर थोडक्यात असा: बुशक्राफ्ट (रानात मिळेल त्यावर भागवायचं कसब) करायला त्यासाठीचा चाकू घ्या, कुऱ्हाड-कोयता विसरा. पातं पाच मिलिमीटर तरी जाड हवं. स्टेनलेस घेऊ नका, त्याने ठिणगी पडत नाही. सोबत फेरो रॉड (खरवडली की ठिणग्या पाडणारी धातूची कांडी) ठेवा, भर पावसातही एका फटक्यात आग. कागद सर्रकन कापला गेला की धार पास. आणि पातं नऊ इंचांच्या आत असेल तर कायद्याची भीती नाही. शेवटी तीन झेंडे आणि ‘प्रत्येक भटक्यापर्यंत पोचवा’.

माझ्याकडे दोन चाकू आहेत. एक मेसेजमध्ये सांगितलाय अगदी तसा: कार्बन स्टील, पाच मिलिमीटर जाड, वर काळा लेप, किंमत विचारू नका. दुसरा स्वीडनचा साधा मोरा: स्टेनलेस, अडीच मिलिमीटर, प्लास्टिकची मूठ. कळमेश्वरच्या पुढे एका मित्राचं शेत आहे. तिथे थंडीत आणि नंतर ऑगस्टच्या झडीत, असे दोनदा दोन्ही चाकू घेऊन बसलो. लाकूड इथलंच. लकडगंजातल्या आरा मशीनवरून आणलेले सागाचे उरलेसुरले तुकडे, बांधावरची वाळलेली बाभूळ, आणि वादळात पडलेली निंबाची फांदी.

जाडीपासून सुरुवात करू, कारण दुकानदार तीच आधी दाखवतो. हातात घेतल्यावर जाड पातं भारी वाटतं, हे कबूल. पण चाकूचं रानातलं मुख्य काम तासायचं. आग पेटवण्यासाठी सागाच्या कांबीवर धार जवळजवळ आडवी टेकवून कागदासारखी पातळ सालपटं काढायची आणि ती तोडून न टाकता कांबीलाच लटकत ठेवायची, म्हणजे टोकाला कुरळा झुबका तयार होतो. मोऱ्याने पहिल्याच कांबीवर असा झुबका झाला, रंध्यातून निघतात तशी सालपटं. जाड चाकूने सालपट सुरू व्हायचं आणि दोन बोटं पुढे जाऊन मोडायचं. झुबक्याऐवजी पायाशी ढलप्यांचा ढीग. बाभळीवर तर तो नुसता घसरत होता.

कारण साधं आहे. पातं जाड झालं की एकतर धारेचा उतार बराच वरपर्यंत न्यावा लागतो, नाहीतर धारेचा कोन बोथट ठेवावा लागतो. बनवणारे बहुतेक वेळा दुसरा मार्ग धरतात, कारण त्यात घासाई कमी. मग धार लाकडात शिरायच्या आधीच मागचं जाड पातं पाचरीसारखं लाकूड फाकवायला लागतं. जाडीने ताकद वाढते हे मात्र खरं आहे, आणि ती चांगलीच वाढते. जाडी दुप्पट केली की पात्याचा ताठपणा आठपट होतो. पण ताठपणा लागतो उचकटायला. मी काही रानात खोकी उघडायला जात नाही.

आता ठिणगी. मेसेजमधला हा मुद्दा अर्धा खरा आहे, म्हणून जास्त फसवा. दोन वेगळ्या गोष्टींची यात खिचडी झाली आहे.

जुनी चकमक आठवा. गारगोटीवर पोलादाचा तुकडा आपटायचा. गारगोटी पोलादाचा बारीक कण खरवडून काढते, घर्षणाने तो तापतो आणि हवेत पेटतो. म्हणजे ठिणगी पोलादाची. तिथे कडक, पाणी दिलेलं कार्बन पोलादच लागतं, कारण स्टेनलेसमध्ये कमीत कमी साडेदहा टक्के क्रोमियम असतं आणि त्याचा कण असा सहज पेटत नाही. शेतातल्या गारगोटीवर मी मोडक्या कानशीचा तुकडा मारला, ठिणग्या पडल्या. मोरा मारला, नुसता आवाज. इथपर्यंत मेसेज बरोबर.

फेरो रॉडचं गणित उलटं आहे. ती लोखंड आणि सिरियमसारख्या धातूंच्या मिश्रणाची कांडी. १९०३ साली कार्ल आउअर फॉन वेल्सबाख या ऑस्ट्रियन माणसाने हे मिश्रण काढलं. गॅसबत्तीचं मॅन्टल, म्हणजे उजेड देणारी जाळी, तीही त्याचीच, म्हणजे आपल्या आजोबांच्या लग्नाच्या वरातीतल्या उजेडातही त्याचा वाटा होता. सिगारेट लायटरमधला खडा तो हाच. या कांडीचेच कण खरवडले जातात आणि तेच पेटतात, जवळजवळ तीन हजार अंश सेल्सिअसला. चाकू फक्त खरवडतो. त्यामुळे पोलाद कुठलं याला महत्त्व नाही, कड काटकोनी आणि कडक हवी. स्टेनलेसच्या फूटपट्टीने ठिणग्या पडतात. फुटलेल्या बाटलीच्या काचेने पडतात.

आणि इथेच माझ्या महागड्या चाकूने नाक कापलं. त्याच्या पाठीवर काळा लेप आहे आणि कडा गोलसर केलेल्या, हाताला लागू नये म्हणून असेल. वीस वेळा ओढला तरी दोन-चार लाल ठिपके. मोऱ्याच्या पाठीने चौथ्या ओढीला शेवरीचा कापूस पेटला. मग मी जाड चाकू शिकंज्यात धरून कानशीने पाठीचा मुठीजवळचा तीनेक इंचांचा भाग घासला, लेप उडवला, कडेला बोट अडेल इतका काटकोन केला. त्यानंतर तोही दिवाळीसारखा झडला. तेव्हा दुकानात चाकू घेताना स्टीलचं नाव विचारण्याआधी पाठीवरून नख ओढून पाहा. नखाचा भुगा निघाला पाहिजे.

कार्बन स्टीलचा एक त्रास मेसेजवाल्याने लिहिलाच नाही. त्याच चाकूने संत्रं सोललं आणि रसासकट तसाच ठेवला तर सकाळी धारेवर काळे डाग. नागपुरात राहून संत्रं कापायचं नाही म्हणजे पंचाईतच.

‘भर पावसातही एका फटक्यात आग’ हे वाक्य ज्याने लिहिलं तो भर पावसात बसला नसावा. ठिणगी तीन हजार अंशांची असली तरी ती क्षणभर जगते. कांडी ओली झाली तर पुसून चालते, हे खरं. पण ठिणगी ज्यावर पडते ते ओलं असेल तर काय? ऑगस्टमध्ये शेताच्या कोठ्यात बसून मी आधी वाळलेलं गवत घेतलं. दिसायला वाळलेलं, हाताला गार. चाळीस फटके मारले. मित्राची आई दारात उभी राहून पाहत होती, म्हणाली, “काडेपेटी देऊ का?”

बाहेरचे लोक व्हिडिओत बर्चची साल वापरतात. तिच्यात तेल असतं, ती ओलसर असतानाही पेटते. आपल्याकडे बर्च नाही. बोंडातला कापूस पिंजून लावला तर पहिल्या-दुसऱ्या ठिणगीला भप्पकन पेटतो आणि तुम्ही काडी शोधेपर्यंत विझतो. मग त्याच मावशींनी देवघरातून तुपात भिजवलेल्या फुलवाती आणून दिल्या. फुलवातीचं वरचं टोक कोरडं होतं, ते नखाने थोडं पिंजलं, त्यावर ठिणगी टाकली. टोक पेटलं, खालचं तूप वर चढत राहिलं आणि ती इवलीशी वात सहा-सात मिनिटं जळली. तेवढ्या वेळात सागाच्या पोटातल्या कोरड्या लाकडाचा झुबका पेटला, त्यावर कोठ्यातल्या तुराट्या, मग बाभूळ. आता माझ्या पिशवीत फिल्मच्या जुन्या डबीत आठ फुलवाती असतात. कांडीसोबत काडेपेटीही असते, प्लास्टिकच्या पिशवीत बांधलेली. त्यात लाज कसली?

‘कुऱ्हाड विसरा’ हा मुद्दा मला सगळ्यात जास्त खटकतो. चाकूचं पातं ओंडक्याच्या डोक्यावर ठेवायचं आणि पाठीवर दुसऱ्या लाकडाने ठोकत न्यायचं, याला बॅटनिंग म्हणतात. सागाच्या सरळ तंतूंवर हे छान चालतं, मनगटाएवढ्या तुकड्याचे दोन फटक्यांत दोन भाग. निंबाचे तंतू एकमेकांत गुंतलेले असतात, तिथे पातं अर्ध्यावर अडकलं. बाभळीच्या गाठीवर जाड चाकूची धार एका जागी वाकली, तांदळाच्या दाण्याएवढी. ती परत आणायला घरी निसण्यावर पाऊण तास गेला.

मुळात हे फोडणं कशासाठी असतं? थंड, ओल्या मुलखात पडलेलं लाकूड बाहेरून भिजलेलं असतं आणि कोरडं फक्त गाभ्यात मिळतं. म्हणून फोडायचं. आपल्याकडे नोव्हेंबर ते मे बोटाएवढी कोरडी काडी हवी तेवढी पडलेली असते. तुराट्या आहेत, पऱ्हाट्या आहेत, गोवऱ्या आहेत. फोडायची गरज पडते पावसाळ्यात, आणि तेव्हा चार इंचांच्या पात्याने बाभळीशी झुंजण्यापेक्षा कुऱ्हाडीचे दोन घाव पुरतात.

धार वाकलेला तो चाकू मी गावातल्या लोहाराकडे नेला होता. ट्रकच्या कमानपट्ट्याचे कोयते आणि कुऱ्हाडी बनवणारा म्हातारा माणूस. त्याने चाकू उलटासुलटा पाहिला, अंगठा धारेवर आडवा फिरवला आणि विचारलं, “अन् याचा दांडा कुठी हाये?”

म्हटलं, काकाजी, चाकू आहे, दांडा नसतो.

“मंग फोडाले कायले नेला? फोडाचं काम दांडा करते भाऊ, पातं नाही करत.”

किंमत सांगितल्यावर तो काही बोलला नाही, फक्त भात्याकडे वळला. पण चाकूचं काम त्याला नामंजूर नव्हतं. त्याच मोऱ्याने मी त्याच्यासमोर निंबाची खुंटी तासली, खाच पाडली, तर म्हणाला, हे बेस हाये. खुंट्या, चमचे, खाचा, सालपटं हे चाकूचं काम. मोठं लाकूड तोडायला कुऱ्हाड किंवा करवत. दोन्ही मिळून त्या एका चाकूपेक्षा स्वस्त पडतात.

कागद कापायच्या परीक्षेबद्दल एवढंच: कागद कुठलाही चाकू दुकानात कापतो. बाभळीच्या पन्नास सालपटांनंतर कापतो का ते पाहा. माझ्या दोघांपैकी एकाने कापला, कुठला ते आता सांगायला नको.

राहिला कायदा. इथे चूक झाली तर धार बोथट होऊन भागत नाही.

नऊ इंचांची गोष्ट शस्त्र कायद्याच्या नियमांतून आली आहे. तिथे नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्यांचा उल्लेख आहे, आणि घरगुती किंवा शेतीच्या अवजारांना त्यातून वगळलंय. मेसेजवाल्याने रुंदी सोडून दिली आणि त्यावरून ‘कुठेही न्या’ असा अर्थ काढला. पण आपण चाकू घेऊन जातो कुठे? पेंच, बोर, उमरेड-पवनी-कऱ्हांडला, मानसिंगदेव. तिथे १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा लागतो. त्या कायद्यातल्या ‘शस्त्र’ या शब्दाच्या व्याख्येत चाकूचं नाव स्वतंत्र घेतलेलं आहे, इंचांची कुठलीही अट न घालता. आणि अभयारण्यात लेखी परवानगीशिवाय शस्त्र घेऊन शिरायला बंदी आहे. राष्ट्रीय उद्यानालाही हेच लागू. म्हणजे तुमचा तीन इंचांचा मोराही तिथे शस्त्रच. शहरातही पोलीस आयुक्तांचे मनाई आदेश अधूनमधून निघतात, तेव्हा चाकू कमरेला लटकवून सीताबर्डीत फिरायची हौस आवरा.

आगीचं तसंच. १९२७ च्या वन कायद्यानुसार राखीव जंगलात वन अधिकाऱ्याने जाहीर केलेला काळ सोडून आग पेटवणं, ठेवणं किंवा नेणं हा गुन्हा आहे. वणव्याचा हंगाम धरला जातो तो फेब्रुवारीच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंत. त्या दिवसांत आपल्याकडे सागाची पानं पापडासारखी वाळून गुडघाभर साचतात आणि पारा पंचेचाळिसावर जातो. अशा जागी फेरो रॉडचा एक चुकार कण पुरतो. मी थंडीतसुद्धा शेतात, मालकाला विचारून, चारी बाजूंनी माती मोकळी करून आणि पाण्याची बादली शेजारी ठेवूनच पेटवतो.

मेहुण्यांना हे सगळं फोनवर सांगितलं. ते म्हणाले, तुझा चाकूच खराब निघाला असेल, माझा आज कुरियरने येतोय, सहा मिलिमीटरचा आहे. त्यांना येत्या रविवारी शेतावर बोलावलंय. बाभळीचा एक गाठाळ ओंडका मी वेगळा काढून ठेवलाय, आणि मावशींना सांगितलंय की त्या दिवशी काडेपेटी मागितल्याशिवाय द्यायची नाही.