मशीन सेज थँक यू

‘येस्टर्डे युवर मशीन ईट माय कार्ड. आय स्टँड देअर ट्वेंटी मिनिट. मशीन सेज थँक यू.’

इंग्रजीच्या परीक्षेत बँकेला तक्रारीचं पत्र लिहा, असा प्रश्न आहे, आणि उत्तरांचा गठ्ठा मी तपासायला घेतलाय. काय झालं, कधी झालं आणि बँकेने काय करावं, हे तिन्ही मुद्दे यायला हवेत. लिहिणारा चाळिशीचा, इंग्रजी शिकायला लागून सहा महिने झालेला. पत्राच्या या सुरुवातीत शब्द पंधरा, चुका पाच. तरी वाचणाऱ्याला यंत्र दिसतं, माणूस दिसतो आणि त्याचा संतापही दिसतो. मग शंभरपैकी किती द्यायचे?

घोडं पेंड खातं ते इथेच. पाच चुका म्हणायच्या तरी कशा? ‘ईट’, ‘स्टँड’ आणि ‘सेज’ हे तिन्ही भूतकाळाचे गुन्हे आहेत, म्हणजे आजार एकच आणि फोड तीन ठिकाणी. तीनदा गुण कापले तर एका अज्ञानाची शिक्षा माणूस तीनदा भोगतो. एकदाच कापले तर शेजारच्या पत्राने एकच क्रियापद वापरून एकच चूक केली, त्याचं काय? उरलं ‘मिनिट’चं अनेकवचन आणि ‘मशीन’च्या आधीचं ‘द’. हे ‘द’ प्रकरण मी फार मनाला लावून घेत नाही. ज्यांच्या मातृभाषेत आर्टिकल नावाची वस्तूच नाही, ते वर्षानुवर्षं ‘द’ एक तर विसरतात, नाही तर मिठासारखं सगळ्यावर भुरभुरतात. त्यावाचून अर्थ मात्र क्वचितच अडतो.

आता गठ्ठ्यातलं पुढचं पत्र घ्या. ‘इन धिस मॉडर्न एरा, बँकिंग प्लेज अ व्हायटल रोल इन अवर लाइव्ह्ज.’ चूक शून्य. पुढचं वाक्य, एव्हरी कॉइन हॅज टू साइड्स. तेही निर्दोष. नमनाला घडाभर तेल ओतून झालं तरी कार्डाचा पत्ता नाही. हे वाक्य पाठ केलेलं आहे. तेच बँकेऐवजी इंटरनेटला, प्लास्टिकला, व्यायामाला लागू पडतं. पाठांतर ओळखायची खूण सोपी आहे. पहिला परिच्छेद इस्त्री केलेला असतो आणि दुसऱ्यात अचानक ‘आय ॲम अग्री’ येतं.

लाल पेन चुकांकडे धावतं, कारण चुका मोजता येतात. आशय मोजायला पट्टी नाही. म्हणून निकषांचे तक्ते आले. 1981 सालचा एक गाजलेला तक्ता शंभर गुण असे वाटतो: आशयाला 30, भाषेच्या वापराला 25, मांडणीला 20, शब्दसंपत्तीला 20 आणि स्पेलिंग, विरामचिन्हं वगैरेंना 5. त्या 5 गुणांवर आम्ही किती शाई सांडतो, ते कोणतीही तपासलेली वही लांबून पाहिली तरी कळतं. आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेत लेखनाला 60 मिनिटं. पहिला प्रश्न किमान 150 शब्दांचा, दुसरा 250 चा, आणि दुसऱ्याचं वजन दुप्पट. तिथेही निकष चार आहेत आणि व्याकरण त्यातला एकच. तरी परीक्षार्थी पहिल्यावरच चाळीस मिनिटं घालवतात आणि दुसरा अर्ध्या वाक्यात सोडून देतात.

तक्ता आला म्हणून माणूस सरळ होत नाही. 1961 साली अमेरिकेत कॉलेजच्या पहिल्या वर्षाचे 300 निबंध 53 वाचकांना नऊ श्रेणींत लावायला दिले होते. एकाही निबंधाला पाचापेक्षा कमी वेगवेगळ्या श्रेणी मिळाल्या नाहीत, आणि 101 निबंधांना तर एकपासून नऊपर्यंत सगळ्या मिळाल्या. तेच लेखन कुणाला अप्रतिम वाटलं, कुणाला केराच्या टोपलीतलं!

यातले बरेच घोटाळे ओळखीचे आहेत. सलग चार रद्दड पत्रांनंतर आलेलं मध्यम पत्र थोर वाटतं; वासरात लंगडी गाय शहाणी. अक्षर किरटं असलं की विचारही किरटे वाटू लागतात. नावडतीचं मीठ अळणी. थकव्यात तर सगळ्यांनाच मधले गुण पडतात, कारण मधल्या गुणांचा जाब कुणी विचारत नाही.

यावर उपाय आहेत, फक्त कंटाळवाणे. आधी सर्वांनी मिळून पाचसहा नमुना उत्तरं तपासायची आणि भांडण तिथेच उरकायचं. नावं झाकायची. पहिलं वाचन पेन खाली ठेवून. सगळ्यांचा पहिला प्रश्न संपल्याशिवाय दुसऱ्याला हात लावायचा नाही. वीसेक झाली की पहिली तीन पुन्हा काढून बघायची. सकाळचा दयाळू माणूस दुपारपर्यंत कुठे पोहोचला ते लगेच कळतं. गठ्ठा दुसऱ्याकडे जाताना पहिल्याचे गुण त्याला दिसता कामा नयेत, नाही तर तो तपासत नाही, सही करतो.

दुरुस्त्यांचं तर वेगळंच. व्याकरण सुधारून देण्याने काही साधत नाही, ते बंद करा, असं भाषाशिक्षणाचे अभ्यासक ट्रस्कॉट यांनी 1996 मध्ये लिहिलं, आणि त्यावरचा वाद बरीच वर्षं चालला. मला विचाराल तर पानभर लाल रेघा म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. मोठा माणूस गुण बघतो, वही मिटतो. एकच आजार निवडावा, इथे भूतकाळ, आणि चुकीच्या जागी फक्त खूण करून दुरुस्ती त्याच्याकडूनच करून घ्यावी.

तर आपलं पत्र. पुढच्या आठ ओळींत मागची रांग आहे, झोपलेला पहारेकरी आहे, यंत्राच्या थँक यूबद्दल पुन्हा एकदा तक्रार आहे. झालं काय आणि कधी, दोन्ही आलं. पत्र इतकं जिवंत आहे की गुण सढळ हाताने द्यावेसे वाटतात. पण तिसरा मुद्दा शोधत शेवटपर्यंत जावं तर सही येते. कार्ड परत द्या, एवढं म्हणायचं राहूनच गेलं. आशयाच्या 30 मधले गुण कापावेच लागतात.