पाऊणटनी निष्ठा

अमेरिकेतल्या मराठी माणसाला गाडी कुठली घ्यायची हा प्रश्न पडतच नाही. आधी टोयोटाची कॅमरी, मुलं झाली की मोठी सिएना, मुलं कॉलेजात गेली की परत कॅमरी, पण हायब्रिड. ज्यांच्या अंगात बंडखोरी असते ते होंडा घेतात आणि मंडळाच्या गणपतीत जरा वेगळ्या कोपऱ्यात उभे राहतात. ह्यूस्टनमध्ये इतकी वर्षं काढून मी या मार्गावरून ढळलो नव्हतो. इथली माणसं ट्रकच्या कंपनीवरून एकमेकांशी भांडताना दिसली की मला त्यांची कीव यायची. लोखंडावर कसली आलीय निष्ठा, असं मी कॅमरी पुसता पुसता म्हणत असे.

निवृत्त झाल्यावर बायकोने जाहीर केलं, की आता देश बघायचा आणि हॉटेलात न उतरता बघायचा. तिने ट्रेलर निवडूनही ठेवला होता. फिफ्थ व्हील जातीचा, म्हणजे ज्याचं नाक ट्रकच्या हौद्यात बसवलेल्या हिचवर, म्हणजे जोडणीच्या सांध्यावर, टेकतं तो. त्यात ओट्याची उंची बरोबर होती, मिक्सरसाठी वेगळा प्लग होता आणि देवांना कोपरा निघत होता. आता तो ओढणारं काहीतरी आणायचं, एवढंच माझ्याकडे होतं. सामान भरल्यावर त्याचं वजन १४,००० पौंडांपर्यंत जाईल, हे तिने भाजी चिरताना जाता जाता सांगितलं.

मी सवयीने टोयोटाकडे गेलो. त्यांचा सगळ्यात मोठा ट्रक टुंड्रा, आणि तो पडला अर्धाटनी, म्हणजे हलक्या वर्गातला. चौदा हजार ऐकल्यावर सेल्समननेच हात जोडले. माझी सारी निष्ठा तिथल्या तिथे अनाथ झाली. बाहेरच्या कंपन्यांना इथला ट्रकचा बाजार अवघड करून ठेवला तो कोंबड्यांनी. युरोपने अमेरिकन कोंबडीवर कर लावला म्हणून रागावून अमेरिकेने १९६४ पासून बाहेरून येणाऱ्या हलक्या ट्रकांवर २५ टक्के जकात बसवली. कोंबड्या इतिहासजमा झाल्या, जकात राहिली. माझ्या कामाच्या वजनदार ट्रकमध्ये उरल्या तीन कंपन्या : फोर्ड, जनरल मोटर्स आणि रॅम. त्यातली जनरल मोटर्स जवळपास तोच ट्रक शेव्हरोले आणि जीएमसी अशा दोन नावांनी विकते, त्यामुळे भांडायला पक्ष मात्र चार मिळतात.

आमच्या डावीकडे फोर्डवाले राहतात. आजोबा फोर्ड, वडील फोर्ड, हा फोर्ड. फोर्डची एफ-सिरीज १९७७ पासून अमेरिकेत सर्वाधिक खपणारा ट्रक आहे, हे तो मला भेटेल तेव्हा सांगतो, जणू खप त्याने स्वतः सांभाळलाय. त्याच्या मुलीने शेव्हरोलेवाल्याशी लग्न केलं. जावई चांगला आहे, कमावता आहे, थँक्सगिव्हिंगला टर्कीही तोच कापतो. पण त्याचा ट्रक ड्राइव्हवेवर येऊ देत नाहीत, रस्त्यावर लावावा लागतो. उजवीकडे रॅमवाला. त्याच्या मागच्या काचेवर एक खोडकर पोरगा फोर्डच्या चिन्हावर लघवी करतानाचं स्टिकर आहे. गृहस्थ चर्चमध्ये लहान मुलांना शिकवतो.

मी इंजिनिअर. तुलना करायची तर एक्सेल उघडायचं, दुसरा मार्ग मला माहीत नाही. टेक्सासच्या कायद्याने गाड्यांच्या दुकानांना शनिवार-रविवार लागोपाठ दोन्ही दिवस विक्री करता येत नाही, म्हणून बहुतेक दुकानं रविवारी बंद असतात. आवारातले ट्रक तेवढे उभे असतात. सेल्समनशिवायचं दुकान हे सुख मराठी माणसालाच कळावं. आम्ही दर रविवारी डबा घेऊन जायचो आणि मी काचेवरचे कागद उतरवून घ्यायचो.

पहिला रकाना अर्थातच ॲव्हरेज. गाडी कितीही मोठी असो, ॲव्हरेज काय देते हे विचारल्याशिवाय आपण पुढे जात नाही. कागदावर किंमत होती, चामड्याचा रंग होता, कपहोल्डर होते. ॲव्हरेज नव्हतं. मी काचेची दुसरी बाजूही पाहून आलो. नंतर कळलं, की भरलेल्या अवस्थेत ज्या गाडीचं कमाल वजन ८,५०० पौंडांच्या वर जातं तिच्यावर इंधनाचा आकडा छापायची सक्तीच नाही. ज्याला हा प्रश्न पडतो त्याने हा ट्रक घेऊ नये, असं सरकारचंही मत दिसतं. मी तो रकाना रिकामा ठेवला आणि त्याला पिवळा रंग दिला.

दुसरा रकाना टॉर्क, म्हणजे इंजिनाची चाक फिरवायची ताकद. इथे मात्र आकडे इतके होते की कॉलम रुंद करावा लागला. २०१९ च्या मॉडेलला रॅमने एक हजार पौंड-फूट गाठले. पुढच्या वर्षी फोर्डने १,०५० केले. मग रॅमने १,०७५. मग २०२३ ला फोर्डने सरळ १,२००. मधल्या त्या पंचवीस पौंड-फुटांनी कुणाचा ट्रेलर लवकर पोचला, हे मला कुणी सांगू शकलं नाही, पण पंचवीसचा उल्लेख रॅमवाला अजूनही आवाज खाली आणून करतो. शेव्हरोले ९७५ वर होती, आणि तिच्या भक्तांचं म्हणणं, टॉर्क असून काय उपयोग, तो चाकापर्यंत पोचला पाहिजे. या वाक्यानंतर गिअरबॉक्सवर ॲलिसन या गिअरबॉक्सवाल्या कंपनीचं नाव आहे हे सांगायचं असतं. सांगितलं नाही तर वाक्य अपुरं धरतात.

ओढण्याच्या क्षमतेला तरी एक मापदंड आहे. पूर्वी जो तो आपापल्या पद्धतीने मोजायचा, म्हणजे ज्याचा त्याचा पहिला नंबर. आता त्यासाठी ठरलेल्या कसोटीत ॲरिझोनातला डेव्हिस डॅमचा साडेअकरा मैलांच्या आसपासचा चढ आहे. भर उन्हात, मागे पूर्ण वजन लावून तो चढायचा, वेग ताशी चाळीस मैलांच्या खाली जाऊ द्यायचा नाही, आणि हे सगळं एसी फुल ठेवून. शेवटची अट वाचून बायको म्हणाली, "अहो, ही कसोटी कुणातरी बाईने ठरवलेली दिसते."

खरा घोळ वजनाचा. या ट्रकांना पाऊणटनी आणि एकटनी म्हणतात. फोर्डचा २५०, इतरांचे २५०० हे पाऊणटनी. ३५० आणि ३५०० एकटनी. कुठल्याही पाऊणटनी ट्रकमध्ये पाऊण टन बसत नाही, त्याहून बरंच जास्त बसतं. नाव आजोबांच्या काळचं, ते तसंच चालू आहे. तरीही फिफ्थ व्हीलच्या वजनाचा पाचवा हिस्सा, कधी त्याहून जास्त, थेट हौद्यात उतरतो. आमच्या बाबतीत २,८०० पौंड तिथेच गेले. डिझेल इंजिन स्वतःच इतकं जड, की त्याने ओढायची ताकद वाढते आणि पाठीवर घ्यायची कमी होते. दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर लिहिलेलं असतं, माणसं आणि सामान मिळून किती. त्या आकड्यातून हिच वजा केला, टूलबॉक्स वजा केला, मग मी बायकोकडे पाहिलं.

"तुझं वजन किती धरू?"

"धरू म्हणजे?"

"एक्सेलमध्ये."

"लग्नाच्या वेळी होतं ते धरा."

ते धरूनही पाऊणटनी बसेना. ती म्हणाली, तुमचंही खरं धरलेलं नाहीये. ते खरं होतं. एकटनी घ्यायचा ठरला, आणि या साऱ्या व्यापात पक्का झालेला एवढा एकच निर्णय.

कंपनी ठरेना, कारण शेजारी बोलायला लागले. रॅमवाला म्हणाला, फोर्डवाल्याला २००३ चं सहा लिटरचं इंजिन विचार. मी विचारलं. त्या इंजिनाच्या वॉरंटीच्या खर्चावरून २००७ मध्ये फोर्ड कोर्टात गेली होती, ही सार्वजनिक गोष्ट आहे. फोर्डवाला शांतपणे म्हणाला, ते फोर्डचं नव्हतंच, नेव्हिस्टार कंपनीने बनवून दिलं होतं. बरं. मग ज्या जुन्या ७.३ लिटरच्या इंजिनाची तू आरती करतोस ते कुणाचं? तेही नेव्हिस्टारचंच. पण ते चाललं ना, म्हणून ते फोर्डचं. फोर्डवाल्याने उलट विचारलं, रॅमवाल्याचा अमेरिकन ट्रक बनतो कुठे? मेक्सिकोत, साल्टियोला. मालक कंपनी नोंदलेली नेदरलँड्समध्ये. आणि आमच्या टोयोटाचा परका टुंड्रा बनतो टेक्सासमध्ये, सॅन अँटोनियोला. हे मी त्या दोघांसमोर बोललो तेव्हा, माझ्या आठवणीत पहिल्यांदाच, ते दोघं एका बाजूला झाले.

"इंजिन तरी अमेरिकन आहे," रॅमवाला म्हणाला. "इंडियानातलं. सरळ सहा सिलिंडर. कमिन्स."

आणि माझ्या आत काहीतरी हललं. कमिन्स! कोथरूडचं कमिन्स! १९६२ सालची किर्लोस्कर कमिन्स, जिथे माझा काका इंजिनं तपासायच्या टेस्ट बेडवर होता. सुट्टीत पुण्याला गेलो की काका कंपनीच्या बसमधून उतरायचा, त्याच्या शर्टाला डिझेलचा वास असायचा आणि जेवताना तो इंजिनाचा आवाज तोंडाने काढून दाखवायचा. लोडशेडिंगमध्ये कुठल्या इमारतीचा जनरेटर धडधडायला लागला, की काका कान टवकारून सांगायचा, "आमचा आहे." किंवा तोंड वाकडं करून, "आमचा नाही." आमच्या घरात कुणाकडे चार चाकांची गाडी नव्हती तेव्हा आम्ही कमिन्सवाले होतो, आणि हे मला आज टेक्सासमध्ये एका स्टिकरवाल्या शेजाऱ्याकडून कळत होतं.

त्या रात्री मी एक्सेलमध्ये नवा रकाना घातला : इंजिनाची परंपरा. त्याला शंभरपैकी चाळीस गुण ठेवले.

फोर्डवाल्याला वास लागलाच. त्याने दुसऱ्या दिवशी कात्रण आणून दिलं. रॅममधल्या कमिन्स इंजिनांत प्रदूषणाच्या चाचण्यांना चकवणारी व्यवस्था बसवल्याच्या आरोपावरून कंपनीने २०२३ च्या अखेरीस १६७ कोटी ५० लाख डॉलरचा दंड भरायला मान्यता दिली होती. हवा शुद्ध राखण्याच्या कायद्याखाली तोवरचा सगळ्यात मोठा दिवाणी दंड. मी कात्रण वाचलं. मी इतका वेळ ज्या माणसांना हसत होतो त्यांच्यातलाच एक माझ्या तोंडातून बोलू लागला. म्हटलं, हे इंडियानाचं. कोथरूडचा याच्याशी काय संबंध? आणि आकडा बघ ना, केवढा मोठा. लहान कंपनीला कोण एवढा दंड करतं!

बायको हे सगळं पाहत होती. डिझेल ट्रकमध्ये डिझेलशिवाय युरियाचं पाणीही भरावं लागतं, हे कळल्यापासून तिचा तांत्रिक चर्चेतला रस संपला होता. तिचं म्हणणं, युरिया कांद्याला घालतात, त्यावर ट्रक चालत असेल तर कुठलाही घ्या.

पुढच्या खेपेस आम्ही दुकानं उघडी असताना गेलो. रॅमच्या दुकानात मी बॉनेट उघडून सहाच्या सहा सिलिंडरांकडे नातलगासारखा पाहत उभा राहिलो. बायको ट्रकच्या मागे गेली. हिचचं हँडल ओढायला, पिन नीट अडकली का बघायला हौद्यात चढावं लागणार, आणि माझ्या कंबरेची अवस्था पाहता ते तिलाच करावं लागणार, हे तिने केव्हाच ओळखलं होतं. तिची उंची पाच फूट. तिने पाय उचलून पाहिला, परत खाली ठेवला. फोर्डच्या दुकानात मागच्या फळीतून एक पायरी आणि धरायला दांडा बाहेर निघतो. त्यासाठी आधी फळी पाडायची, मग पायरी ओढायची, मग दांडा उभा करायचा. तिने सेल्समनला ते सगळं तीनदा करायला लावलं. शेव्हरोलेच्या मागच्या बंपरच्या कोपऱ्यात नुसती एक खाच आहे. पाऊल मावेल एवढी. तिने पाऊल ठेवलं, कडेला धरलं आणि ती वर उभी.

"हा," ती हौद्यातून म्हणाली.

मी टॉर्कचा विषय काढला. परंपरेच्या रकान्याचा काढला. ती वरून माझ्याकडे बघत राहिली. ऐंशी हजार डॉलरच्या आसपासच्या वस्तूचा निर्णय एका भोकावर करायचा का, असंही मी विचारलं. तिचं उत्तर, तुम्ही कोथरूडच्या बसवर करत होतात.

शेव्हरोले घरी आली. फोर्डवाल्याने हात हलवणं बंद केलं आणि जावयाने आम्हाला बार्बेक्यूला बोलावलं. रॅमवाला फक्त "अच्छा" अशा अर्थाचं काहीतरी म्हणाला आणि आत गेला. गॅरेजमध्ये ट्रक मावत नाही, दीड-एक फूट बाहेर राहतो, आणि सोसायटीचं पत्र यायचंय.

काल रात्री काकाचा व्हिडिओ कॉल आला. पुण्यात सकाळ होती. वय झालं, ऐकू कमी येतं, पण कुणीतरी त्याला सांगितलं होतं की पुतण्याने मोठा ट्रक घेतला.

"डिझेल?"

"डिझेल, काका."

"इंजिन कुणाचं?"

मी रेंज नाही असं दाखवलं. तो वाट पाहत राहिला.

"अरे, इंजिन कुणाचं? बॉनेट उघड बघू."

मी फोन छातीशी धरला, मधलं गवत ओलांडलं आणि उजवीकडच्या घराची बेल वाजवली. रॅमवाला चड्डी-बनियनवर बाहेर आला. मी फोनकडे बोट दाखवलं, मग त्याच्या ट्रककडे. त्याने काही विचारलं नाही. किल्ली आणली, बॉनेट वर केलं, स्वतःच्या मोबाइलचा दिवा लावून धरला आणि न सांगता इंजिन चालूही केलं.

काका कान फोनला लावून बराच वेळ ऐकत होता.

"आमचा आहे," तो म्हणाला. "पण त्याला सांग, टायर बदलायला झालेत."