कमल चालते, शिंदे चालत नाहीत

‘आता मराठीतही उपलब्ध’ अशी पट्टी एखाद्या ॲपवर झळकली की मला आनंद कमी आणि धास्ती जास्त वाटते. पोटापाण्यासाठी मी ॲप्स आणि वेबसाइट्सचं टेस्टिंग करते, त्यामुळे आत काय झालं असणार याचा अंदाज असतो. इंग्रजी फॉर्ममधली लेबलं एका एक्सेल शीटमध्ये ओतली, भाषांतराला पाठवली, आली तशी परत चिकटवली. चौकोन तेच, त्यांचा क्रम तोच, मागचे नियम तेच. दुकानाची पाटी तेवढी मराठीत रंगवली, आतला कारभार जसाच्या तसा. माझं म्हणणं उलटं आहे. लेबलं इंग्रजीत राहिली तरी एक वेळ निभावेल, ‘नेम’ आणि ‘मोबाइल नंबर’ बहुतेकांना कळतं. चौकोन आणि नियम मात्र इथल्या माणसांच्या बेताचे हवेत.

नावापासूनच घ्या. फर्स्ट नेम, मिडल नेम, लास्ट नेम. वरवर वाटतं, हे तर आपल्याला चपखल बसतं, स्वतःचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव, झालं की! आता घरातली कागदपत्रं काढून बघा. दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी. आधारवर सगळं नाव एका ओळीत. पॅनच्या अर्जात तीन वेगळ्या ओळी. समजा, सुनीता रमेश पवार लग्नानंतर सुनीता विजय जाधव झाली. तिनातले दोन तुकडे बदलले. आधार बदलून झालं, पॅन राहिलं, पासबुकावर अजून माहेरचंच नाव आहे. ही बाई साइन-अप करायला बसते आणि खाली लाल अक्षरांत येतं, ‘नाव जुळत नाही’. कशाशी जुळत नाही? आधारशी, पॅनशी, की नुसता क्रम उलटा झालाय? ते तिनेच ओळखायचं.

आणि पुढे आणखी गंमत आहे. राज्य मंत्रिमंडळाने मार्च २०२४ मध्ये ठरवलं की १ मे २०२४ किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांची नावं शासकीय कागदपत्रांत मुलाचं नाव, आईचं नाव, वडिलांचं नाव आणि आडनाव अशी लिहायची. निर्णय चांगलाच आहे. पण या पोरांचे फॉर्म भरताना मिडल नेमच्या चौकोनात आईला बसवायचं की बाबाला?

मी तरी पूर्ण नावासाठी एकच लांबलचक चौकोन ठेवायच्या बाजूने आहे, आणि जे नाव आधारशी ताडून बघणार असाल तर तिथेच खाली लिहा, ‘आधारवर आहे तसंच लिहा’. ब्रिटिश सरकारी संकेतस्थळांची डिझाइन नियमावलीही म्हणते की जास्तीत जास्त तऱ्हांची नावं एकाच चौकोनात मावतात. यावर डेव्हलपर मंडळींचा ठरलेला प्रश्न असतो, ‘मग आम्ही “हाय सुनीता” कसं म्हणणार?’ नका म्हणू! सकाळी सहाला ‘हाय जाधव, तुमचं कर्ज मंजूर!’ असा मेसेज टाकणाऱ्यांनी सलगीच्या भानगडीत न पडलेलंच बरं. अगदीच हौस असेल तर ‘तुम्हाला काय म्हणून हाक मारू?’ असा एक ऐच्छिक चौकोन द्या.

आता नियमांकडे. आमच्या शेजारच्या काकू एका दवाखान्याच्या ॲपवर नोंदणी करत होत्या. फॉर्म मराठी, कीबोर्ड मराठी, त्यांनी हौसेने नावही मराठीत लिहिलं. पहिल्या चौकोनात ‘कमल’. हिरवी खूण आली. पुढच्या चौकोनात ‘शिंदे’. लाल रेघ, आणि खाली ‘कृपया फक्त अक्षरे लिहा’. काकूंनी पुसलं, सावकाश एकेक बटण दाबत पुन्हा लिहिलं. पुन्हा तेच. मग चष्मा कपाळावर सरकवून फोन माझ्यापुढे धरला. ‘अगं, अक्षरंच लिहिलीत ना मी? का तुला यात अंक दिसतायत?’

काकूंचं काही चुकलं नव्हतं. अक्षर कशाला म्हणायचं हे संगणक युनिकोडच्या, म्हणजे जगभरातल्या लिप्यांतल्या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या यादीच्या, वर्गवारीवरून ठरवतो. त्या वर्गवारीत श आणि द ही अक्षरं, पण वेलांटी, अनुस्वार, मात्रा ही मंडळी ‘चिन्हं’ म्हणून वेगळ्या गटात आहेत. नियम लिहिणाऱ्याने अक्षरांच्या गटाला परवानगी दिली आणि चिन्हांचा गट विसरला. त्यामुळे काना-मात्रा नसलेली कमल आत गेली, शिंदे दारातच अडकले. विसरलेला गट जोडायला अर्धी ओळही लागत नाही. मग टेस्टिंगमध्ये हे कसं सापडलं नाही? कारण टेस्ट करणाऱ्याने बहुधा ‘अबक’ लिहून बघितलं असणार. ‘अबक’ मजेत पास होतं.

असले खड्डे पावलोपावली आहेत. ‘श्रीकृष्ण’ आपल्या लेखी तीन अक्षरं. संगणक वेलांटी-हलन्तही वेगळे मोजतो, त्यामुळे त्याच्या लेखी नऊ, आणि यूटीएफ-८ या नेहमीच्या पद्धतीने साठवताना सत्तावीस बाइट (बाइट म्हणजे साठवणुकीचं माप). मर्यादा बाइटमध्ये लावली असेल तर फॉर्म वर नाव बिनतक्रार घेतो आणि मागे डेटाबेस त्याचं शेपूट छाटतो. ‘कुऱ्हाडे’ची तऱ्हा आणखी न्यारी. तो अर्धा ऱ्य-ऱ्ह मधला र दोन वेगवेगळ्या प्रकारे टाइप होतो, पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे दिसतात, पण संगणकाला ते दोन वेगळे शब्द. एका कीबोर्डवरून नोंदणी करा, दुसऱ्यावरून शोधा, ‘आपली नोंद आढळली नाही’. मोबाइल नंबर ‘९८...’ असा देवनागरी आकड्यांत पडला की तो बाद. का? अंक ओळखून आतल्या आत बदलून घेणं हे संगणकाला न जमण्यासारखं काम आहे का?

पत्त्याचंही तेच. ‘स्ट्रीट’ हा चौकोन सक्तीचा. आपल्या गावाकडचा पत्ता मु. पो., ता., जि. असा चालतो, आणि मुक्काम एका गावी नि पोस्ट दुसऱ्या गावी हेही सर्रास असतं. स्ट्रीट सक्तीचा केला की लोक तिथे एक टिंब टाकतात, डॅश टाकतात, नाहीतर गावाचंच नाव पुन्हा लिहितात. मग कंपनी म्हणते, ग्राहक नीट माहिती देत नाहीत.

त्यापेक्षा पिनकोड आधी विचारा. श्रीराम भिकाजी वेलणकरांनी १५ ऑगस्ट १९७२ पासून ही सोय करून ठेवली आहे, सहा आकडे टाकले की जिल्हा आणि पोस्ट ऑफिसांची यादी पुढे करता येते. फक्त ‘४० ते ४४ म्हणजे महाराष्ट्र’ असं घोकून ठेवू नका. गोव्याचे पिनकोड ४०३ ने सुरू होतात, आणि पणजीचा माणूस असल्या फॉर्ममध्ये आपसूक महाराष्ट्रात येतो. गोवा महाराष्ट्रात विलीन करायचा का, हा १९६७ च्या जनमत कौलाने निकालात काढलेला प्रश्न साइन-अप फॉर्मने उकरून काढायची गरज नाही.

जिल्ह्यांची यादी तर बघण्यासारखी असते. नावं मराठीत, क्रम इंग्रजी. अकोला, अमरावती, मग बीड, भंडारा, बुलढाणा, मग चंद्रपूर, आणि कोल्हापूर सापडतं हिंगोली, जळगाव, जालन्याच्या खाली. ‘क’ वरच्या बाजूला शोधणारा माणूस दोनदा खालीवर जातो आणि वैतागतो. मराठी अकारविल्हे लावायची सोय ब्राउझरमध्ये आयती असते, ती कोणी वापरत नाही. धाराशिव, छत्रपती संभाजीनगर, अहिल्यानगर यांची जुनी आणि नवी दोन्ही नावं टाइप केली तरी जिल्हा सापडला पाहिजे, कारण हातातल्या जुन्या कागदावर जुनंच नाव असतं.

जन्मतारखेला कॅलेंडर नको. १९५८ पर्यंत महिना-महिना मागे जायला लावणं हा छळ आहे, दिवस-महिना-वर्ष असे तीन चौकोन पुरतात. पासवर्ड पेस्ट करायला बंदी घालू नका. आणि ओटीपीला तीस सेकंद देऊ नका, घरातला फोन मुलगा घेऊन बाहेर गेलेला असतो.

या सगळ्यापेक्षा सोपा उपाय म्हणजे कमी विचारा. दवाखान्याच्या अपॉइंटमेंटला माझी वैवाहिक स्थिती, शिक्षण आणि वार्षिक उत्पन्न कशाला हवंय? २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात अशी तरतूद आहे की संमती मागताना कुठली माहिती कशासाठी हवी ते सांगणारी सूचना राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या भाषांतही, म्हणजे मराठीतही, वाचायची सोय द्यायची. आता ‘हे का विचारताय’ ते मराठीत लिहून काढायला बसलं की अर्धे चौकोन आपोआप गळतील असं मला वाटतं. त्यांची कारणं कुठल्याच भाषेत सापडणार नाहीत.

तोवर मी माझ्या टीमला एक शीट करून दिली आहे. मराठी फॉर्म आला की ‘अबक’ नाही, आधी शिंदे, मग श्रीकृष्ण, मग कुऱ्हाडे, मग आडनावच नसलेला एक माणूस, आईचं आणि वडिलांचं अशी दोन्ही नावं असलेलं एक बाळ, देवनागरी आकड्यांतला मोबाइल नंबर आणि ४०३ चा पिनकोड. एवढी मंडळी आत गेली तरच पट्टी लावायची.