परकी भाषा शिकवायची तर घरच्या भाषेवरून शिकवा

बडोद्यातल्या कितीतरी सीबीएसई शाळांत सहावीच्या सुमाराला घरी एक फॉर्म येतो. तिसरी भाषा कोणती घेणार, संस्कृत की फ्रेंच? काही ठिकाणी जर्मनही असते. घरात त्यावर चर्चा होते ती एकच: मार्क कशात जास्त पडतात? मूल त्या भाषेत कधी काही वाचेल, कुणाशी बोलेल, हा विचार कुणीच करत नाही. तीन वर्षं तक्ते पाठ होतात, नववीला विषय सुटतो आणि दिवाळीपर्यंत सगळं विसरलेलं असतं. मी घरी जर्मनच्या ट्यूशन घेते. मुलांची ही तीन वर्षं अशी वाया जाताना बघवत नाही, म्हणून आज सविस्तर लिहितेय.

माझ्याकडे आठवीतली एक मुलगी येते. घरी मराठी, मैत्रिणींत गुजराती, शाळेत इंग्रजी. तिच्या वहीत डेर-डी-डासचा, म्हणजे जर्मन नामांच्या आधी लिंगाप्रमाणे येणाऱ्या छोट्या शब्दांचा तक्ता होता, लाल-निळ्या पेनांनी आखलेला, अक्षर मोत्यासारखं. डेर, डेन, डेम, डेस घडाघडा म्हणून दाखवायची. विचारलं, ‘डेटिव्ह म्हणजे काय गं?’ तर म्हणाली, ‘तिसरी ओळ, मॅडम.’

यात तिचा काय दोष? तिला सगळं इंग्रजीतून शिकवलं होतं, आणि इंग्रजीत मुलाने काही केलं काय किंवा मुलाला काही दिलं काय, मुलासाठीचा शब्द तसाच्या तसा राहतो. मी म्हटलं, ‘मुलगा’ला ‘ला’ लाव बघू. ‘मुलाला.’ मग ‘मुलगाला’ का नाही म्हणालीस? ती गप्प. आता गुजरातीत सांग. ‘छोकरो, छोकराने.’ म्हणजे तिथेही शब्द बदलला! सामान्यरूप हा शब्द तिने कधी ऐकला नव्हता, पण बोलायला लागल्यापासून ती तो नियम बिनचूक पाळतेय. ‘मी आईला फूल दिलं’ या वाक्यात आई चतुर्थीत, म्हणजेच डेटिव्हमध्ये आहे, म्हणून जर्मनमध्ये ‘डी मुटर’ची ‘डेर मुटर’ होते. आपल्याकडे नाम बदलतं, त्यांच्याकडे बहुतेक वेळा नामाच्या आधीचा छोटा शब्द बदलतो. एवढं सांगितल्यावर तिने स्वतःहून चार वाक्यं करून दाखवली, चारही बरोबर.

लिंगांचंही तेच. हिंदीत दोन लिंगं, फ्रेंचमध्ये दोन. मराठीत तीन, गुजरातीत तीन, संस्कृतात तीन, जर्मनमध्ये तीन आणि लॅटिनमध्येही तीनच. संस्कृतातलं नपुंसकलिंग हिंदी-पंजाबी-बंगालीत उरलं नाही. मराठी, गुजराती, कोंकणीने ते जपलं. चांगला मुलगा, चांगली मुलगी, चांगलं मूल. सारो छोकरो, सारी छोकरी, सारुं छोकरुं. निर्जीव वस्तूला लिंग कशाला, हा प्रश्न इंग्रजीतून शिकणाऱ्याला पडतो. ज्याच्या घरात पंखा ‘तो’, खुर्ची ‘ती’ आणि टेबल ‘ते’ आहे, त्याला तो पडायचं कारणच नाही. बडोद्याच्या मराठी मुलांना अशा दोन भाषा घरातून आणि गल्लीतून फुकट मिळालेल्या असतात. आणि आपण त्या वर्गाबाहेर ठेवायला सांगतो!

लॅटिनचं नाव काढलं की लोक म्हणतात, ती कोण बोलतं आता? पण विल्यम जोन्स या ब्रिटिश न्यायाधीशाने 2 फेब्रुवारी 1786 रोजी कलकत्त्यात संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन एकाच मुळातून आल्या असाव्यात असं मांडलं, आणि 1816 मध्ये फ्रान्झ बॉप या जर्मन अभ्यासकाने संस्कृत क्रियापदांची ग्रीक, लॅटिन, फारसी आणि जर्मनिक भाषांशी तुलना करून त्याला पक्का पाया दिला. पितृ-पातेर, मातृ-मातेर, सप्त-सेप्तेम ही जोडी फळ्यावर मांडली की आठवीची मुलं पुढची जोडी स्वतः शोधायला लागतात. आपल्या शाळांत लॅटिनचा स्वतंत्र विषय मी मागत नाही. संस्कृतच्या तासाला वर्षातून आठ-दहा दिवस लॅटिन शेजारी ठेवा, एवढंच म्हणते. संस्कृतचीही गोडी त्याने वाढेल.

भाषेला वर्षं लागतात, आणि धोरणं ठरवणारे नेमके तिथेच घाई करतात. नोव्हेंबर 2014 मध्ये केंद्रीय विद्यालयांतून तिसरी भाषा म्हणून जर्मन काढून संस्कृत आणली, तीही वर्ष अर्ध्यावर असताना. ब्रिटनमध्ये 2021 साली सरकारी शाळांत लॅटिन वाढवायला 40 लाख पौंडांची योजना जाहीर झाली, आणि फेब्रुवारी 2025 मध्ये, तिथेही वर्षाच्या मध्येच, पैसा थांबवला. पक्ष वेगळे, देश वेगळे, पण अर्धवट सुटली ती मुलंच. 2014 ला इथे संस्कृतप्रेमी एका बाजूला आणि जर्मनवाले दुसऱ्या बाजूला उभे राहिले, याचं मला आजही वाईट वाटतं. या दोन भाषांचं वैर कधीच नव्हतं.

बडोद्याला तर हे सांगायची वेळच यायला नको. 1893 ते 1906 अरविंद घोष या शहरात होते. केंब्रिजहून ग्रीक-लॅटिन शिकून आलेला हा माणूस कॉलेजात फ्रेंच आणि इंग्रजी शिकवत होता, आणि इथेच राहून संस्कृत, मराठी, गुजराती शिकला. विनोबा बडोद्याच्या शाळेत होते तेव्हा वडिलांच्या इच्छेने त्यांनी फ्रेंच घेतली होती. आईला मुलाने संस्कृत शिकावं असं वाटायचं. ते दोन्ही शिकले, पुढे अरबीही शिकले, आणि गीता आणली ती आईच्या मराठीत. सयाजीरावांच्या काळात 1890 मध्ये सुरू झालेल्या कलाभवनात धंदेशिक्षण मातृभाषेतून द्यायचं धोरण होतं. रंगकाम आणि रसायन मराठी-गुजरातीतून शिकवता येत होतं, तर जर्मन व्याकरण का शिकवता येऊ नये?

2020 च्या शैक्षणिक धोरणात तीनपैकी किमान दोन भाषा भारतीय हव्यात, आणि परकी भाषा माध्यमिक स्तरावर शिकता यावी असं म्हटलं आहे. गुजरातने 2023 च्या कायद्याने पहिली ते आठवी गुजराती सक्तीची केली. मला दोन्ही मान्य आहे. पण माझ्याकडे येणाऱ्या मराठी घरांतल्या बऱ्याच मुलांना मराठी अडखळत वाचावी लागते, आणि त्याची भरपाई शाळा करणार नाही. ती घरीच करायला हवी, रोज पंधरा मिनिटं मोठ्याने वाचून. जर्मनीला शिकायला जाणारी मोठी मुलंही माझ्याकडे येतात, त्यांतही ज्यांचं घरच्या भाषेचं व्याकरण पक्कं असतं ती बी-वनपर्यंत, म्हणजे जर्मनच्या मधल्या पातळीपर्यंत लवकर पोचतात.

शाळांकडे मागणं अवघड नाही. संस्कृत आणि फ्रेंच-जर्मनचे तास एकाच वेळी ठेवून वर्ग दोन भागांत फोडू नका. दोन्ही शिक्षकांना महिन्यातून एकदा एका फळ्यासमोर उभं करा. समजावणं मराठी-गुजरातीतून होऊ द्या. घेतलेली भाषा दहावीपर्यंत चालवायची सोय असेल तरच ती सुरू करा. पालकांनो, नव्या सत्राच्या पहिल्या मीटिंगमध्ये मार्कांच्या आधी हे विचारा.

आठवीसाठी मी विभक्तीचं एक टिपण केलंय: मराठी, गुजराती, संस्कृत, जर्मन असे चार रकाने शेजारी-शेजारी. ज्या शिक्षकांना हवंय त्यांनी मेसेज करा, लगेच पाठवते. संस्कृत शिकवणाऱ्या कुणी त्यातला तिसरा रकाना तपासून दिला तर फार बरं होईल, आणि लॅटिन येणारं बडोद्यात कुणी असेल तर पाचवा रकाना रिकामाच ठेवलाय.